शकीलभाईंची बत्ती आणि माझी गोधडी

माझी नात फोनवर काहीबाही खेळत असते आणि मध्येच ते बंद पडतं. ती खांदे उडवते, बोटाने पुन्हा उघडते आणि खेळ पुढे चालू. "अगं, का बंद पडलं ते बघ की," मी म्हणते. "आजी, क्रॅश झालं," ती म्हणते, जणू कुणाला शिंक आली. शिंकेचं कारण कुणी शोधत बसत नाही हे मला कळतं. पण माझ्या अंगात आत कुठेतरी खाज सुटते. एके काळी याच खाजेवर माझा सगळा तोरा चालत होता.

दिवाळी अंकासाठी आपल्या कामाबद्दल लिहा, नवख्यांनाही कळेल असं लिहा, अशी फर्माईश आली तेव्हा मी आधी नोकरीचा सगळा पाढा आठवून पाहिला. त्यात मला स्वतःलाच जांभई आली. म्हणून ते सोडून देते आणि एका माणसाच्या एका फोनाची गोष्ट सांगते. त्यात मी बरीच हुशार दिसते, पण शेवटाकडे. तोपर्यंत मला हसून घ्या. मीही हसते.

तेव्हा मी भिवंडीत तीन बत्तीजवळच्या एका दुकानात कामाला होते. दुकान गुप्तेसाहेबांचं. दर्शनी भागात झेरॉक्सचं मशीन आणि आत दोन कॉम्प्युटर. त्यातल्या एकावर मी लग्नपत्रिका जुळवायची. मजकूर टाइप करायचा, गणपती मध्यभागी बसवायचा आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं लावायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. मोठ्या काकांच्या आधी धाकट्या काकांचं नाव पडलं तर दोन घरं आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोन्ही घरं येऊन मला मात्र बोलतात.

मग गुप्तेसाहेबांच्या डोक्यात मोबाईलचं खूळ शिरलं. बटणांच्या फोनवर चालणारे छोटे छोटे प्रोग्रॅम तेव्हा निघाले होते. 'ॲप' हा शब्द आमच्याकडे पोचायचा होता. साहेबांना स्वतःला शिकायचा कंटाळा, म्हणून त्यांनी ठाण्याच्या एका क्लासला माझं नाव घातलं. मी चाळिशीतली, क्लासातली बाकी पोरं माझ्या मुलीच्या वयाची. ती मला सुरुवातीला कुणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगत. क्लास संपला, सर्टिफिकेट मिळालं, आणि त्या दिवशी कोन गावची शैला या जगातून नाहीशी झाली. तिच्या जागी 'सॉफ्टवेअर एक्झिक्युटिव्ह' आली. तसं कार्डच छापलं मी, दुकानातच, पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर. कागद हळदीच्या रंगाचा होता आणि उजेडासमोर धरला की मागे पुसट कलश दिसायचा. हे कार्ड मी भल्याभल्यांना दोन बोटांत धरून देत असे.

माझ्या क्लासच्या वह्या मध्ये ठेवून साहेबांनी आणि मी मिळून जो प्रोग्रॅम केला त्याचं नाव 'बत्ती'. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. कुठल्या भागात लाईट कधी जाणार याचं वेळापत्रक निघायचं. ते आम्ही फोनमध्ये भरून द्यायचो. फोनच्या पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसायचं की लाईट जायला अजून इतकी मिनिटं, इतके सेकंद. शेवटची दहा मिनिटं राहिली की फोन पिपाणीसारखा वाजायचा. बस, एवढंच.

एवढ्याची भिवंडीत काय किंमत होती ते बाहेरच्यांना सांगायला हवं. इथे गल्लोगल्ली यंत्रमागांच्या शेड. लूम चालू असताना लाईट गेली की आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकतो, धागे तटातट तुटतात, आणि लाईट आल्यावर पुन्हा चालू केलं की कापडावर आडवी पट्टी उमटते. पट्टीचं कापड व्यापारी घेत नाही. दहा मिनिटं आधी कळलं तर कारीगर एकेक लूम नीट थांबवतो आणि कापड वाचतं. भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक असतंच, पण कामाच्या धबडग्यात भिंतीकडे बघतो कोण?

साहेबांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "शैलाबाई, तुळशीच्या लग्नापर्यंत हे मोबाईलचं काय ते करून दाखवा. एकदा तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागेल. तोवर हे चाललं नाही तर हे बंद, आणि तुम्ही आपल्या जागेवर."

आपली जागा म्हणजे काकांच्या नावांपाशी. मला परत तिथे जायचं नव्हतं. काकांवर माझा राग नव्हता, पण एकदा आकड्यांनी माझं ऐकलेलं मी पाहिलं होतं. आपण लिहावं आणि दुसऱ्याच्या खिशातल्या यंत्राने ते मुकाट्याने करावं, यातला आनंद संसारात फारसा मिळत नाही.

सुरुवात झोकात झाली. पहिलं गिऱ्हाईक जवळच्या वडपे गावचं, पिठाच्या गिरणीवाले. आठ दिवसांत त्यांचा माणूस धावत आला की बत्ती मेली, एकही बटण चालत नाही. मी पर्स घेऊन, कार्डं घेऊन वडप्याला गेले. फोन हातात घेतला, गंभीर चेहऱ्याने उलटापालटा केला. कीपॅड लॉक झालं होतं. मी दोन बटणं दाबून ते उघडलं आणि म्हणाले, "टेक्निकल होतं." गिरणीवाल्यांनी किलोभर ताजं बेसन बांधून दिलं. परत येताना मला वाटलं, या कामात मला आता काही शिकायचं उरलेलं नाही.

त्याच आठवड्यात शकीलभाई दुकानात आले. मध्यम वयाचे, पांढरा झब्बा, खांद्यावर रुईचं तूस, बोलणं इतकं अदबीचं की तक्रार ऐकतानाही आपला सत्कार चाललाय असं वाटावं.

"मॅडम, बुरा मत मानना. चीज बहुत अच्छी है. मगर आपकी बत्ती तो बत्ती जाने से पहले ही चली जाती है."

"म्हणजे काय होतं नक्की?"

"पहले भागती है, फिर गिरती है."

"भागती है?"

"मिनट भागते हैं, मॅडम. दौड़ते हैं. फिर इंग्लिश में कुछ लिख के आता है और बंद."

पडद्यावर इंग्रजीत काय येत होतं ते मला ठाऊक होतं, 'ॲप्लिकेशन एरर'. म्हणजे प्रोग्रॅम गडगडला. का ते फोन सांगत नाही. आजारी माणसाने 'आजार' एवढं म्हणून डोळे मिटावेत तसं. पण 'मिनिटं पळतात' हे ऐकून मी गुप्तेसाहेबांकडे बघून किंचित हसले. धंद्याच्या घाईत माणसाला वेळ पळतोय असंच वाटतं, असा उदार विचार मी केला. गिऱ्हाईक जे डोळ्यांनी पाहतं ते आधी जसंच्या तसं ऐकून घ्यावं, ही या कामातली पहिली गोष्ट. मी ती हसून घालवली.

दुकानातल्या फोनवर मी बत्ती दिवसभर चालू ठेवली. एक मिनिट पळालं नाही. साहेब म्हणाले, "आपल्याकडे चालतंय. म्हणजे गडबड त्यांच्याकडे." हे वाक्य त्यानंतर मी आयुष्यात इतक्या मोठमोठ्या इंजिनियरांच्या तोंडून ऐकलं, की साहेबांची मला आता आठवण येते.

मी शकीलभाईंच्या शेडवर गेले. आत पाऊल टाकलं की लूमचा आवाज कानांत नाही, दातांत ऐकू येतो. जमीन थरथरते. हवेत रुई तरंगते. मला पाहताच त्यांनी एका माणसाला चहाला पिटाळलं, शेडच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या ऑफिसात खुर्ची पुसून दिली आणि फोन आणायला आत गेले. थोड्या वेळाने बत्ती चालू करूनच फोन माझ्या हातात दिला. मी तासभर बसले. आकडे शहाण्यासारखे चालले. चहा झाला, बिस्किटं झाली, बत्ती हूं की चूं न करता चालू.

"देखा? आपके हाथ में चलती है," ते म्हणाले. "हाथ में बरकत है आपके."

खोटं कशाला सांगू, मला ते खरंच वाटलं. घरी येऊन मी माझ्या हाताकडे दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, पुन्हा पडली. मी पुन्हा गेले. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा, पुन्हा त्यांनी आतून आणून दिलेला फोन, आणि बत्ती पुन्हा गुणी बाळ. मी उठून रिक्षात बसते न बसते तोच ती गडगडायची. घरातलं पोर पाहुण्यांसमोर शहाणं वागतं आणि पाहुणे गेले की भोकाड पसरतं, तसं.

मग मी विचार करायला बसले आणि तिथेच सगळं बिघडलं. मला एक भारी कारण सापडलं. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. मी शकीलभाईंना विचारलं, शुक्रवारी बत्ती पडते का? ते जरा आठवून म्हणाले, "नहीं. जुमे को तो बिलकुल नहीं पड़ती."

झालं. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे हादरे बंद. हादरे बंद तर बत्ती चालू. मी बसते बाहेर ऑफिसात, तिथे हादरे कमी, म्हणून माझ्या हातात चालते. फोन लुमाजवळ राहिला की हादऱ्यांनी आतलं काहीतरी सुटतं. सगळं कसं चपखल बसलं. इतकं चपखल बसणारं कारण सापडलं की माणसाने जरा घाबरावं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हा आणखी काय काय बंद असतं, हा प्रश्न मला शिवलासुद्धा नाही.

उपायही मीच काढला. फोनला गादी करायची. आमच्या सासूबाई कोनच्याच, शेतावर आणि खाडीवर आयुष्य गेलेल्या, गोधड्या शिवण्यात पटाईत. मी त्यांना मापाला माझा फोन दिला आणि म्हणाले, याला बसेल अशी पिशवी शिवा, चांगली चार पदरी.

त्यांनी फोन हातात घेऊन पाहिला. "काय गो शैला, याला थंडी वाजते हाय का?"

"थंडी नाही हो. हादरे बसतात."

"हादरे तर मला बी बसतात टेम्पोत. मला न्हाय शिवलीस कधी गोधडी." पण शिवली बिचारीने. जुन्या लुगड्याची, हिरवी, लाल काठाची, वर आडवे-उभे टाके. वरून म्हणाल्या, "टोपरं पण शिवू का?"

ही गोधडी मी साहेबांना 'व्हायब्रेशन कव्हर' म्हणून दाखवली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, वास घेतला आणि परत दिली. शकीलभाईंनी मात्र दोन्ही हातांत घेतली. फोन आत ठेवला, पिशवी झब्ब्याच्या खिशात घातली. खिसा असा फुगला की वाटेत चार लोकांनी विचारलं, काय घेऊन चाललात. त्यांनी कुणालाही माझं नाव सांगितलं नाही. हे त्यांचे उपकार.

बत्ती त्याच दिवशी दुपारी पडली. गोधडीत पडली, एवढाच फरक.

आता दिवाळी उलटून गेली होती आणि लोकांच्या अंगणात उसाची कांडकी दिसायला लागली होती. साहेबांनी एका पत्रिकेचा मजकूर माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर पेपरवेट ठेवला, बस. मजकुरात काकाच काका होते. मी तो उपडा घातला आणि म्हणाले, "साहेब, एकदा शेवटचं शेडवर जाऊन येते."

"शैलाबाई, तुमचा तिथला चहाच फार झाला आता."

त्या दिवशीही सगळं नेहमीसारखं. खुर्ची, चहा, हातात चालू बत्ती. मी आकड्यांकडे बघत बसले. आकडे माझ्याकडे बघत बसले. शेवटी वाटलं, दुकानात फोन करून सांगावं की घ्या ते काका टाइप करायला. माझ्या मोबाईलचा बॅलन्स संपला होता. म्हणून शकीलभाईंना विचारलं, तुमच्याच फोनवरून एक फोन करू का?

ते गडबडले. "इससे? ठहरिये, दूसरा देता हूँ."

"दुसरा कशाला, हाच आहे की हातात." मी बत्ती बंद केली. आजवर त्यांच्याकडे मी ती कधीच बंद केली नव्हती. चालू हातात यायची, चालू परत जायची. बत्ती बाजूला झाली आणि मागचा पडदा दिसला. त्यावर लिहिलं होतं, सिम कार्ड घाला.

"शकीलभाई, यातलं सिम कुठाय?"

त्यांनी खिशातून एक जुनाट फोन काढून दाखवला. चेहरा इतका ओशाळा, जणू माझ्या बशीत त्यांनी उष्टं वाढलं होतं. "मैं निकाल लेता हूँ, मॅडम. आप काम करने बैठती हैं ना. इस पे तो घंटी पे घंटी, घंटी पे घंटी. आपको डिस्टर्ब होता."

"रोज काढायचात? मी आले की?"

"मेहमान काम कर रहा हो तो घर में रेडिओ भी बंद करते हैं."

मी कप खाली ठेवला. "कुणाच्या घंट्या?"

"मेरे कारीगरों की. और किसकी."

मग त्यांनी जे सांगितलं ते भिवंडीतल्या कुठल्याही पोराला माहीत होतं. मलाच तेवढं सुचलं नव्हतं. शेडमध्ये ओरडून कुणाला काही ऐकू जात नाही. शेठ बाहेर ऑफिसात किंवा समोरच्या चहाच्या हॉटेलात. म्हणून आतून मिस कॉल द्यायचा. एक रिंग देऊन कट केला म्हणजे कांडी संपली, आडव्या धाग्याची भरलेली कांडी पाठवा. दोनदा दिला म्हणजे बीम, उभ्या धाग्यांचा रूळ, संपला. वाजतच राहिला म्हणजे सगळं टाकून या. उचलायचा कुणीच नाही, पैसे कुणाचेच जायचे नाहीत, आणि अख्खी शेड अशी रिंगांवर चालायची. शुक्रवारी लूम बंद, म्हणून कांड्या बंद, म्हणून घंट्या बंद.

आणि दुकानात? दुकानातल्या फोनमध्येही सिम नव्हतं. साहेब म्हणाले होते, चाचणीच्या फोनला सिम कशाला, कुणाशी बोलायचंय त्याला? वडप्याच्या गिरणीवाल्यांना सिम होतं, पण त्यांना फोन करणारं फारसं कुणी नव्हतं. असले तर घरचे, आणि घरचे गिरणीतच.

"शकीलभाई, सिम परत घाला," मी म्हणाले, "आणि आत सांगा, मॅडम आल्यात म्हणून थांबू नका. नेहमीसारखं चालू द्या."

सिम घातलं. बत्ती लावली. फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. पहिली घंटी आली. बत्तीचा पडदा गेला, आतल्या कारीगराचं नाव चमकलं, कट झालं, बत्ती परत आली. आकडे चालू. दुसरी घंटी. बत्ती परत आली, आणि मी खुर्चीत पुढे सरकले. सेकंद जरा घाईत उतरत होते. आणखी काही घंट्या झाल्या आणि सेकंद जिना उतरणाऱ्या पोरांसारखे धडाधड उड्या मारायला लागले. मिनिटं पळत होती. पहिल्या दिवशी माणूस हेच तर म्हणाला होता. आणखी एक घंटी, पडदा पांढरा, ॲप्लिकेशन एरर.

"पडली," मी म्हणाले.

"पड़ गई," ते खिन्नपणे म्हणाले.

"पुन्हा लावा. पुन्हा पाडू."

पुन्हा लावली, पुन्हा घंट्या, पुन्हा पडली. मी टेबलावर थाप मारली. शकीलभाई माझ्याकडे काळजीने बघत होते.

"मॅडम, चीज टूट रही है और आप खुश हो रही हैं?"

हे नवख्यांना सांगायलाच हवं. बिघाड अधूनमधून होतो तोवर तो तुमचा मालक असतो. हवा तेव्हा घडवून आणता आला की तुम्ही त्याचे मालक. दुरुस्ती हे मग मागाहूनचं किरकोळ काम. तोवर मी काय करत होते, तर पडलेलं उचलून पुन्हा उभं करत होते आणि वर गोधडी पांघरत होते.

आत काय होत होतं तेही सांगते, स्वयंपाकघरातलं उदाहरण देऊन, कारण मला तेच नीट येतं. समजा तुम्ही कुकर चढवलाय. दाराची बेल वाजते. तुम्ही दार उघडून येता आणि ओट्यापाशी आल्यावर, पहिला कुकर चालू आहे हे न बघता, दुसरा चढवता. पुन्हा बेल, पुन्हा तिसरा. प्रत्येक कुकर आपापली शिट्टी देतो, तुम्ही सगळ्या शिट्ट्या एकाच भाताच्या समजून मोजता, म्हणून भात भलताच लवकर शिजतोय असं वाटतं. शेवटी शेगड्या संपतात, गॅस संपतो आणि सगळं ठप्प. आमच्या बत्तीत सेकंद मोजणारं एक घड्याळ होतं. फोन येऊन गेला की ती पुन्हा पडद्यावर यायची आणि नवं घड्याळ लावायची. जुनं थांबवायचं कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक घड्याळ एकेक सेकंद कमी करायचं, म्हणून मिनिटं पळायची. आणि त्या काळच्या फोनची मेमरी ती केवढी. घड्याळांची गर्दी झाली की तो बिचारा मान टाकायचा.

दुकानात येऊन मी साहेबांना हे सांगितलं. मग घड्याळाचा तो तुकडा नक्की कुणी लिहिला होता यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. दोघंही फार नम्र झालो होतो. "तुमचंच डोकं चालतं हो अशा ठिकाणी," साहेब म्हणाले. "छे, एवढं बारीक काम तुमच्याशिवाय कुणाचं," मी म्हणाले. ते अजून ठरलेलं नाही.

दुरुस्ती चार ओळींची होती. फोन आला की घड्याळ थांबव. फोन गेला की फोनमधली खरी वेळ बघ, लाईट जायला किती उरलं ते नव्याने काढ आणि एकच घड्याळ लाव. आधीच्या आठवड्यात 'बघू तरी' म्हणून प्रोग्रॅममध्ये मी जे इकडचं तिकडे केलं होतं ते सगळं पहिल्यासारखं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर बरं कशाने झालं ते कळत नाही, हेही तेव्हाच शिकले. मग चाचणीच्या फोनमध्ये साहेबांचं स्वतःचं सिम घातलं आणि झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की जाता जाता या नंबरला एक मिस कॉल द्या. बत्ती हलली नाही. साहेबांची बायको मात्र घाबरून दुकानात आली की एवढे फोन कशाचे.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी नवी बत्ती शकीलभाईंच्या फोनमध्ये घातली. ठरलं असं, की पडली तर त्यांनी मला मिस कॉल द्यायचा. नाही पडली तर काही करायचं नाही.

"बस, चुपचाप बैठना है?"

"बस. तुम्ही गप्प बसलात की मी समजेन सगळं ठीक."

दुकानात आले. पत्रिकेचा मजकूर पेपरवेटखाली तसाच उपडा. साहेब बाहेरून डोकावून म्हणाले, "मुलीकडचे संध्याकाळी प्रूफ बघायला येणारेत. तुमचं काय ते कळलं की सांगा."

मी फोन समोर ठेवून बसले. सकाळ गेली, फोन गप्प. ही शांतता चांगली आहे असं मी स्वतःला सांगत होते. मग मनात आलं, त्यांच्या फोनला रेंज नसली तर? फोनच बंद असला तर? त्यांच्या भागातली लाईट जायची वेळ जवळ आली तसा मला दम निघेना. आणि या 'सॉफ्टवेअर एक्झिक्युटिव्ह'ने काय केलं असेल? शकीलभाईंना मिस कॉल दिला. ज्या घंट्यांनी बत्ती पडते हे शोधायला सगळी दिवाळी घातली, तीच घंटी मी स्वतःच्या हाताने वाजवली, ऐन मोक्याच्या क्षणी. कट केलं आणि मग माझ्या लक्षात आलं. मी फोन टेबलावर ठेवला आणि त्यापासून जरा लांब सरकले.

मग माझा फोन वाजला. एकच रिंग. कट.

पडली.

मी पर्ससुद्धा न घेता रिक्षात बसले. शेडच्या गल्लीत उतरले तर शेडमधून काही आवाज नाही. लूमची ती दातांत शिरणारी धडधड गप्प. म्हणजे लाईट गेली, बत्तीने सांगितलं नाही, धोटे अडकले. मी आत शिरले. सगळे लूम उभे, वर एकही दिवा नाही, आणि कारीगर दाराच्या उजेडात उकिडवे बसून निवांत विड्या ओढतायत. शकीलभाई एका लुमावर वाकून कापडावरून तळहात फिरवत होते.

"पडली?" मी विचारलं.

"क्या पड़ी?"

"मिस कॉल दिलात ना मला!"

"आपने दिया था," ते म्हणाले, "तो मैंने भी दे दिया. कोई सलाम करे और जवाब ना दो, अच्छा लगता है?"

मी तिथल्याच एका स्टुलावर बसले. त्यांनी मला खूण करून लुमाजवळ बोलावलं. लाईट जायच्या आधी बत्ती वाजली होती, एकेक लूम नीट थांबवला होता, धोटे आपापल्या जागी होते. कापड स्वच्छ, कुठे आडवी पट्टी नाही. त्यांनी माझा हात धरायच्या ऐवजी मोठ्या संकोचाने कापडाची कड माझ्याकडे सरकवली. मी तळहात फिरवून पाहिला. बरकतीचा तोच हात.

"आणि ती गोधडी?" मी विचारलं. "आता परत द्या. सासूबाई विचारतात."

"गोधडी नहीं मिलेगी," शकीलभाई म्हणाले. "उस में मेरा चष्मा रहता है."

परत दुकानात आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. आसपासच्या घरांतून तुळशीपुढे मांडव उभे राहत होते. माझ्या खुर्चीत गुप्तेसाहेब स्वतः बसले होते, नाकावर चष्मा, एका बोटाने टाइप करत. मजकूर सरळ करून कॉम्प्युटरला टेकवला होता. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शकीलभाईंचा फोन आला होता मला. मिस कॉल नाही, पुरता फोन. आणखी दोन शेडवाल्यांना पाठवतो म्हणाले. तुम्ही पलीकडच्या कॉम्प्युटरवर बसा."

मी पलीकडे बसले. थोडा वेळ गेला. साहेब घसा खाकरले.

"शैलाबाई, हे बघा जरा. ही काकांची नावं मी लावली, आता गणपतीच दिसेनासा झाला. कुठे गेला कोण जाणे."

मी वाकून पाहिलं. धाकटे काका मोठ्या काकांच्या डोक्यावर बसले होते आणि गणपती पत्रिका सोडून गेला होता. एका मिनिटाचं काम होतं. मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"साहेब," मी म्हणाले, "पुन्हा एकदा घालवून दाखवा बघू. कसा जातो ते आधी पाहू."